मदत हवी आहे: मेट एक्झॉन १४ साठी वेगळी आरएनए तपासणी करावी का?

वडील ७६ वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. बिडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, तरी फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा (एक प्रकारचा कॅन्सर) निघाला. जनुक तपासणीत ईजीएफआर, एएलके या जनुकांत बदल नाही, निगेटिव्ह. पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ आहे: मेट जनुकात एक्झॉन १४ च्या (चौदाव्या तुकड्याच्या) स्प्लाइस साइटवर, म्हणजे कापण्या-जोडण्याच्या खुणेवर, बदल, आरएनए तपासणीने खात्री करावी. गुरुवारी गंगापूर रोडला डॉक्टरांकडे जायचंय. तिथे दहा मिनिटं मिळतात, म्हणून आधी इथे विचारतोय.

मला समजलं ते असं. पेशी जनुकाची आधी अख्खी नक्कल (आरएनए) काढते, मग इंट्रॉन म्हणजे नको असलेले तुकडे कापून एक्झॉन म्हणजे ठेवायचे तुकडे जोडते. कुठला तुकडा ठेवायचा, कुठला गाळायचा हे बदललं की एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं होतात. निरोगी शरीरातही हे सर्रास चालतं. मेटमध्ये मात्र कापायची खूणच बिघडली तर चौदावा तुकडा गळतो, आणि नेमकी त्याच तुकड्यात सीबीएल प्रथिनाला चिकटायची जागा असते. सीबीएल चिकटलं की रिसेप्टर (पेशीवर बसून वाढीचा निरोप घेणारं मेटचं प्रथिन) मोडीत निघतो. जागाच नसेल तर तो करार संपलेल्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसतो आणि पेशीला वाढीचा निरोप देत राहतो.

म्हणजे डीएनएमध्ये बिघाड दिसला, पण तुकडा खरंच गळतोय का हे आरएनएच सांगणार. बरोबर ना? बायोप्सीचा जुना ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला नमुना) चालेल की पुन्हा सुई टोचावी लागेल? बाबा आता सुईचं नाव काढू देत नाहीत. आणि कॅपमॅटिनिब किंवा टेपोटिनिब ही मेटवरची गोळी घरात कोणाला चालू आहे का? पाय सुजतात म्हणे.

प्रतिसाद १
बरोबर समजलात. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये शंभरात तीन-चार जणांतच हे सापडतं, बहुतेक वयस्करांत. औषध नेमकं त्यावरच असल्याने खात्री करून घ्याच. सुईचं नंतर बघू, आधी ब्लॉकमध्ये ट्यूमर किती उरलाय ते पॅथॉलॉजिस्टना विचारा. ब्लॉक जुना झाला की त्यातला आरएनए तुटत जातो, तेव्हा दिरंगाई नको. पायांना सूज आईला आली होती. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर डोस कमी करतात.

धागाकर्ता
आभारी आहे. ब्लॉक कुठे मिळतो, हॉस्पिटलात?

प्रतिसाद १
ज्या लॅबने बायोप्सी वाचली तिथे. पावती आणि बाबांच्या सहीचा अर्ज न्या. आणि आधी फोन करा, आमची एक फेरी फुकट गेली होती.