फ्लिंटला गारगोटी लिहायचं का?

सीनाकाठ: शाळेच्या भूगोल मंडळासाठी एक लेख मराठीत करतेय. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्सजवळ मूर मिलची जुनी खाण आहे, तिथली जागा कायद्यानं राखलीय कारण थरांत थेम्स नदीचं जुनं पात्र दिसतं. नदी आधी तिकडून पूर्वेला एसेक्सकडं जायची, साधारण ४.५ लाख वर्षांमागं बर्फ आडवा आला, पाणी तुंबून तळं झालं न् नदी दक्षिणेला सरकली. खाली नदीचे गोटे, वर तळ्याचा पापुद्र्या-पापुद्र्याचा गाळ, त्यावर बर्फानं आणून टाकलेली दगडमाती. गोट्यांत फ्लिंट आणि क्वार्ट्झ असे दोन वेगळे कठीण दगड आहेत, दोन्हीला गारगोटी लिहिलं तर चालेल?

बार्शीकर: चालेल की. आमचे आजोबा गारगोटीवर पोलाद मारून कापूस पेटवायचे.

काळीमाती: अजिबात नको ताई! फ्लिंट खडूच्या खडकातला, तिथल्याच खोऱ्यातला. क्वार्ट्झचे गोटे लांबून, मिडलंड्स (इंग्लंडचा मधला भाग) न् वेल्सकडून वाहत आलेले. नदी कुठून यायची ते त्यावरूनच कळतं, दोन्हीला एकच शब्द घातला तर पुरावाच पुसला. नांगरताना रानात पांढऱ्या गारा निघतात ना, काळ्या दगडाच्या पोकळीत तयार झालेल्या, ती गारगोटी. फ्लिंटला चकमक लिहा.

बार्शीकर: चकमक म्हणजे आमच्यात ते पोलाद, दगड न्हवं.

मोडीप्रेमी: चकमक तुर्कीतून आलेला शब्द. शास्त्रीय लेखात अग्निप्रस्तर आणि स्फटिक लिहावं, गोट्यांना गोलाश्म.

काळीमाती: सातवीच्या पोराला गोलाश्म कोण समजावणार ओ सर? गोटा म्हटलं की हातात येतो.

भीमातीर: गोटाच लिहा, पण खडी नको. खडी क्रशरची, कोपरे असतात, नदीनं घासलेल्या दगडाला कोपरे राहत नाहीत. आणि जुन्या पात्राला सरळ वाळवंट म्हणा, पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळूला आपण दुसरं काय म्हणतो?

मोडीप्रेमी: पुण्यामुंबईच्या मुलांना राजस्थान दिसेल.

भीमातीर: दिसू दे की, एक ओळ खाली लिहा. वारीला येणारा प्रत्येक माणूस वाळवंटात उतरतो, त्याला वाळवंट म्हणजे नदीच कळते. पुस्तकातला अर्थ एकच धरून आपला शब्द का टाकायचा?

बार्शीकर: पण तिथं वाळू कमी न् गोटे जास्त असतील तर वाळवंट कसं म्हणणार?

भीमातीर: मग गोटवण म्हणा, आमच्या मामाच्या गावाला भीमेच्या तशा पट्ट्याला तेच म्हणत्यात.

मोडीप्रेमी: गोटवण कुठल्या कोशात आहे ते दाखवा आधी.