मदत हवी आहे: उलटी ग्रिप बदलावी का? (पापवा सेवगोलुम यांच्या संदर्भात)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी गोल्फ शिकतेय. उजव्या हाताची आहे, पण क्लब (गोल्फची काठी) धरताना तिचा डावा हात आपोआप उजव्याच्या खाली जातो. प्रशिक्षक म्हणतात, ही ग्रिप आत्ताच बदला. तिचा फटका मात्र सरळ आणि छान बसतो.

त्यावरून दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे गोल्फपटू पापवा सेवगोलुम आठवले. भारतीय वंशाचे, गरीब घरातले, कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहण्याचं काम करता करता शिकलेले. ग्रिप अगदी अशीच उलटी! तरी 1959, 1960 आणि 1964 मध्ये त्यांनी डच ओपन जिंकली. 1963 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांताची नाताल ओपन जिंकले, तेव्हा वर्णभेदामुळे त्यांना क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता. भर पावसात, बाहेर उभं करून ट्रॉफी दिली. ते वाचताना अजूनही संताप येतो. 1965 मध्ये त्याच स्पर्धेत त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअरला हरवलं. पुढे सरकारने त्यांच्या खेळण्यावरच बंदी आणली.

एका असामान्य खेळाडूवरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही, हे कळतं. म्हणून जाणकारांना विचारते: या ग्रिपने लांब ड्राइव्ह मारताना अंतर कमी पडतं का? मनगटावर ताण येतो का? पटिंगपुरती (चेंडू भोकात ढकलण्याच्या हलक्या फटक्यापुरती) ही ग्रिप बरेच जण वापरतात. मग पूर्ण स्विंगलाच हरकत का? कुणी लहानपणी ग्रिप बदलली असेल, तर सवय व्हायला किती काळ लागला?

डर्बनमध्ये त्यांच्या नावाचं गोल्फ मैदान आहे. तिथे कुणी मराठी खेळाडू असतील, तर त्यांच्याशी बोलायला फार आवडेल.