जुझे आणि औसेप : दोन्ही आजोबांचं नाव एकच का?

साष्टीची_लेक

माझे आजोबा, आमचे शापाय, गोव्यातल्या साष्टीतले. अख्खा वाडा त्यांना 'जुझे' म्हणायचा. मुंबईत नोकरीच्या कागदांवर ते 'जोसेफ' आणि गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत 'जोझे'. नवरा कोट्टयमचा. त्याच्या आजोबांना, म्हणजे अप्पच्चनना, 'औसेप' म्हणत. पुढच्या महिन्यात आमच्याकडे बाळ येतंय. आई म्हणते जुझे ठेवा, सासूबाई म्हणतात औसेप. नवरा म्हणतो, दोन्ही मुळात एकच नाव आहे. पण दोघींना काही ते पटत नाही. कोणी नीट उलगडून सांगाल का? आणि मूळ अर्थ काय?

मडगांवचा_मास्तर

बाय, तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे. मूळ नाव हिब्रू, 'योसेफ'. बायबलात, उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात, राहेलला फार वाट पाहिल्यावर मुलगा होतो. देवाने माझा कलंक दूर केला, असं ती म्हणते आणि त्याच दमात आणखी एक मुलगा मागते. हिब्रूत दूर करण्याला 'आसाफ' आणि 'तो वाढवो' याला 'योसेफ'. दोन्ही शब्द तिच्या तोंडी एकापाठोपाठ येतात. म्हणून अर्थ 'देव आणखी देवो'.

लॅटिनमध्ये त्याचं 'योसेफुस' झालं आणि पुढे प्रत्येक मुलखात सुरुवातीच्या 'य'ने वेगळा रस्ता धरला. जर्मन, पोलिश लोकांनी तो जपला : योझेफ, युझेफ. इटलीत 'जुझेप्पे', स्पेनमध्ये 'खोसे', इंग्रजीत 'जोसेफ'. पोर्तुगीजांकडे तो 'प्लेझर'मधल्या झसारखा झाला, मधला 'स' स्वरांमध्ये सापडून 'झ' झाला, शेवटचा 'फ' गळाला. शिवाय पहिल्या 'ओ'वर जोर नसल्यामुळे पोर्तुगीज माणूस तो 'उ'सारखा उच्चारतो. वहीत जोझे, तोंडात जुझे! आपल्या लोकांनी बोललेलं नाव अगदी अचूक उचललं. त्याला कोणी अपभ्रंश म्हटलं की मला वाईट वाटतं.

आणि हे नाव गोव्यात किरकोळ नाही. पणजीत ज्यांचा पुतळा आहे ते संमोहनविद्येचे अभ्यासक आबे फारिया म्हणजे जुझे कुस्तोदियु द फारिया, जन्म १७५६, कांदोळी. बाणावलीला १६५१ साली जन्मलेले पाद्री जुझे वाझ श्रीलंकेत गेले, तिथल्या कॅथलिकांसाठी झिजले. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. इंग्रजी पेपरांनी 'जोसेफ' छापलं, आम्ही प्रार्थनेत 'जुझे'च म्हणतो.

कोचीत_मराठी

औसेपबद्दल मी सांगते, इथे शेजारीपाजारी दोन-तीन औसेप आहेत. केरळच्या जुन्या ख्रिस्ती समाजाची उपासनेची भाषा पूर्वी सुरियानी, म्हणजे पश्चिम आशियातली एक जुनी भाषा. त्या भाषेत हे नाव 'यौसेप', शेवटी 'प'च. मलयाळममध्ये सुरुवातीचा 'य' काहींनी ठेवला, काहींनी सोडला, म्हणून यौसेप आणि औसेप दोन्ही ऐकू येतात. वास्को द गामा १४९८ मध्ये केरळात उतरला त्याच्या कितीतरी आधीपासून इथे ख्रिस्ती लोक होते. म्हणजे तुझ्या सासरचं नाव पश्चिम आशियातून थेट आलं आणि माहेरचं लिस्बनला वळसा घालून. तमिळ कॅथलिक संत जोसेफना 'सूसैयप्पर' म्हणतात, त्यातलं 'सूसै' हेही तुमच्या जुझेचं भावंड.

विजापूरवेडा

यात यूसुफ राहिला. अरबीत हेच नाव, कुराणातला बारावा सूरा, म्हणजे अध्याय, त्याच्याच नावाचा. आणि ताई, गोव्यात जुझेच्या आधी यूसुफ पोहोचला होता! विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशाह, गोवा त्याच्याच ताब्यात होतं. तो १५१० मध्ये वारला, त्याच वर्षी पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतलं. मुंबईकरांना युसूफ मेहरअली आठवतील, १९४२ साली महापौर होते. सावरकरांनी १९०७ मध्ये इटलीचा क्रांतिकारक जुझेप्पे मॅझिनी याचं आत्मचरित्र मराठीत आणलं, तेव्हा तोही मराठीत 'जोसेफ' म्हणूनच आला.

साष्टीची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. आईला आणि सासूबाईंना एकत्र बसवून हे वाचून दाखवलं. राहेलची गोष्ट दोघींना पाठ आहे, पण नावाचा अर्थ तिथेच आहे हे दोघींनाही नवं होतं. आता बाप्तिस्म्याला 'जोसेफ', आणि हाक ज्याची त्याने मारायची, असं ठरतंय. पण मास्तर, मुलगी झाली तर?

मडगांवचा_मास्तर

मग जुझेफिना! फ्रेंचमध्ये जोसेफीन, इटलीत जुझेप्पिना, लाडाने पिना. नेपोलियनच्या बायकोला घरचे 'रोज' म्हणत. मारी जोझेफ रोज हे तिचं पूर्ण नाव, त्यातून 'जोसेफीन' केलं ते त्याने. स्पेनमध्ये खोसेला लाडाने 'पेपे' आणि मुलीला 'पेपा'. त्यांची काडिझची राज्यघटना १९ मार्च १८१२ रोजी, संत जोसेफच्या सणाच्या दिवशी जाहीर झाली, म्हणून लोक तिलाही 'ला पेपा' म्हणू लागले. कागदपत्रांचं एक बघ : जन्मदाखल्यावर आणि बाप्तिस्म्याच्या वहीत स्पेलिंग एकच ठेव. जोझे, जोसेफ, जुझे असे तीन कागद घेऊन फिरणारी माणसं मी रोज बघतो.