डोकं आणि खांदे आत गेले, की पुरे?

सांगलीकर_ओहायो:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज विचारायचंच आहे. इथे अमेरिकेतले कर्जवाले आहेत, होम इन्स्पेक्टर आहेत, नुकतीच घरं घेतलेली पोरंही आहेत.

मी ओहायोत घरांचा अप्रेझर आहे, म्हणजे कर्ज देण्याआधी बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा. मूळचा सांगलीचा, सिव्हिलची पदवी, तिकडे सहा वर्षं साइटवर काढलेली. इथली माझी निम्मी कामं एफएचएच्या कर्जांची, म्हणजे ज्यांचा विमा अमेरिकी सरकार उतरवतं ती कर्जं. साध्या कर्जाला घराची किंमत सांगितली की आपलं काम संपतं. एफएचएला घर राहण्याजोगं, सुरक्षित आणि टिकाऊ आहे का, हेही बघावं लागतं. नळ सोडून बघा, संडास फ्लश करा, घर गरम करणारी फर्नेस चालू करा, छप्पर निदान २ वर्षं तग धरेल का ते सांगा. घर १९७८च्या आधीचं असेल तर सुटलेल्या रंगाचा पोपडान् पोपडा टिपा, कारण त्यात शिसं असू शकतं.

अ‍ॅटिक (छपराखालचा माळा) आणि क्रॉल स्पेसही बघायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रॉल स्पेस म्हणजे खालची माती आणि घराची लाकडी जमीन यांच्यामधली पोकळी, जिथे माणूस फक्त रांगू शकतो. एफएचएचं हँडबुक म्हणतं, सगळं दिसलं पाहिजे, पण वाट अरुंद असेल आणि पूर्ण आत जाता येत नसेल, तर निदान डोकं आणि खांदे आत घाला, तेवढं चालेल. सामान हलवायचं नाही, इन्सुलेशन उचकटायचं नाही.

आता माझं दुखणं. दोन वर्षांपूर्वी १९५३ सालचं एक घर केलं. मागे नंतर वाढवलेली खोली, तिच्याखाली क्रॉल स्पेस, बेसमेंटच्या भिंतीत दीड-दोन फुटांचं दार. मी डोकं घातलं, खांदे घातले, टॉर्च फिरवली. पुढच्या चार तुळया ठणठणीत, माती कोरडी. फोटो काढले, रिपोर्ट दिला, कर्ज झालं.

वर्षभराने घर घेणाऱ्या बाईंचा फोन. रिपोर्टाची प्रत त्यांच्याकडे असते, त्यावर माझं नाव. त्या नर्स आहेत, रात्रपाळी करून घरी आल्या आणि पलंगाशेजारची जमीन पायाखाली हलली म्हणे. मागच्या तीन तुळया कुजल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “तुम्ही खाली उतरला होतात ना?”

मी म्हणालो, “डोकं घातलं होतं.” बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

नियमाने मी चुकलो नव्हतो. पण सांगलीत स्लॅबखाली कुजका टेकू असा तपासला असता, तर मुकादमाने हाकलला असता मला. तेव्हापासून मी पूर्ण आत रांगतो. जुनी पँट आणि गुडघ्याचे पॅड गाडीतच असतात. स्क्रूड्रायव्हरने तुळई टोचून बघतो. एका कामाला दोन तास जादा जातात, फी तीच, आणि त्यातलाही वाटा बँक आणि माझ्या मधली मॅनेजमेंट कंपनी घेते. गेल्या महिन्यात तर १९२६च्या एका घरात अ‍ॅटिकच्या पार टोकाला छताखालच्या फळ्यांवर काळा डाग दिसला. छपरावरचे शिंगल (कौलांसारखे तुकडे) नवे कोरे. डाग जुना की नवा, सांगता येईना. रूफरने, म्हणजे छपराचं काम करणाऱ्याने, तपासावं अशी अट घातली. विकणाऱ्याच्या एजंटने फोनवर मला झाडला: “आधीच्या अप्रेझरला हे दिसलं नाही, तुलाच कसं दिसलं?”

बायको म्हणते, तुला पगार डोक्याचा आणि खांद्याचा मिळतो, उरलेलं शरीर घरी ठेवून जा. तुम्हाला काय वाटतं? कुठवर जावं?

पुण्याचा_भोपळा:

आमच्या फ्लॅटला बँकेचा व्हॅल्युअर आला होता. खालूनच बिल्डिंगचा फोटो काढला, वर येऊन चहा घेतला, हॉल मापला, गेला. तुमचं डोकं तरी आत जातं!

मातीत_दोन_तास:

दादा, मी मिशिगनमध्ये होम इन्स्पेक्टर आहे, म्हणजे घर घेणारा स्वतः पैसे देऊन बोलावतो ती तपासनीस. आधी स्क्रूड्रायव्हर गाडीत ठेवा.

मी क्रॉल स्पेसमध्ये उतरते तेव्हा अंगात कागदी सूट असतो, तोंडावर मास्क, हातात ओल मोजायचं यंत्र, आणि बाहेर कोणाला तरी सांगून ठेवलेलं असतं की मी खाली आहे. एका घराला तीन तास. खाली मेलेला रॅकून सापडलाय, लोंबकळती जिवंत वायर सापडलीय. तुम्ही जुन्या पँटीवर जाता, हे वाचूनच अंगावर काटा आला.

दुसरं म्हणजे तुम्ही रांगलात आणि तरी एक तुळई सुटली, तर वकील नेमकं तेच धरणार. नियमात नसताना गेलात, म्हणजे तपासणीची जबाबदारी घेतलीत, मग नीट का नाही केलीत? तुमच्या विमा कंपनीला हे रांगणं माहीत आहे का?

खरी गोम अशी की लोक मला बोलावतच नाहीत. २०२१ मध्ये तर घर हातचं जाऊ नये म्हणून इन्स्पेक्शनची अटच सोडून देत होते. एफएचएच्या कर्जात बँक एक कागद हातात देते, त्यावर ठळक लिहिलेलं असतं की अप्रेझल म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे, स्वतः इन्स्पेक्शन करून घ्या. त्या गठ्ठ्यात तो कोण वाचतो?

अदिती_कोलंबस:

मी नाही वाचला! प्रामाणिकपणे सांगते. साडेतीन टक्के डाउन पेमेंट जमवता जमवता जीव गेला होता, त्यात इन्स्पेक्शनचे चारपाचशे डॉलर वाचले म्हणून आनंदच झाला. आमच्या डोक्यात हेच की सरकारी कर्ज आहे, म्हणजे सरकारी माणूस बघून गेलाय.

आमच्या अप्रेझरने गॅरेजच्या खिडकीचे पोपडे पकडले. घर १९५६चं. मालक म्हणाला, जसं आहे तसं घ्या, मी ब्रशला हात लावणार नाही. शेवटी मी आणि नवऱ्याने घर आमचं झालेलं नसताना खरवडून रंग दिला. (शिशाचा रंग असा घरच्या घरी खरवडू नये, हे नंतर कळलं.) अप्रेझर पुन्हा बघायला आला, त्याची फी वेगळी. चार महिन्यांनी अंगणाखालची ड्रेनेजची पाइप झाडाच्या मुळांनी फुटली आणि बेसमेंटमध्ये नको ते सगळं वर आलं. माझा राग असा आहे काका, की पोपड्यासाठी व्यवहार अडतो आणि गटार कोणी बघत नाही.

नाना_जर्सी:

मी अंडररायटर, म्हणजे फायली तपासून कर्ज मंजूर करायचं की नाही ते ठरवणारा, आता निवृत्तीला टेकलोय. अदिती, संडास फ्लश केला, पाणी गेलं, की अप्रेझरच्या लेखी पाइप ठीक. जमिनीखाली कॅमेरा घालणं त्याच्या कामात नाही.

एफएचए १९३४ पासून आहे आणि ते स्वतः कर्ज देत नाहीत. बँकेच्या कर्जाचा विमा उतरवतात. कर्जदार सुरुवातीलाच १.७५ टक्के प्रीमियम भरतो, तो एफएचएच्या फंडात जातो. बँकेला घर ताब्यात घ्यायची वेळ आली तर फंड बुडू नये, म्हणून ही तपासणी. प्रीमियम भरतेस तू, आणि तपासणी होते फंडासाठी. कडू आहे, पण तसंच आहे.

आणि यादी लांबवून बघितली आहे बरं का. १९९९ मध्ये अप्रेझरकडून कलमवार दोषांचा फॉर्म भरून घ्यायला लागले, घर घेणाऱ्याला त्याचा गोषवारा मिळायचा. माझ्या टेबलावर फायली साचायच्या, का, तर जिन्याला कठडा नाही, खिडकीची काच तडकलेली. २००५ च्या अखेरीस हडने (एफएचए ज्याच्या हाताखाली येतं ते सरकारी गृहनिर्माण खातं) पत्रक काढून असल्या किरकोळ दुरुस्त्यांची सक्ती काढून टाकली.

सांगलीकर, तुम्हाला मात्र एकच विचारतो. त्या १९५३च्या घरात पुढच्या चार तुळया दिसल्या म्हणता. मागच्या का नाही दिसल्या?

सांगलीकर_ओहायो:

नाना, हीटिंगचा डक्ट, म्हणजे गरम हवेची जाड नळी, आडवा होता. त्याच्यापलीकडे नजर जात नव्हती.

नाना_जर्सी:

हे रिपोर्टात लिहिलंत?

सांगलीकर_ओहायो:

काल उत्तर दिलं नाही, कारण जुनी फाइल काढून बसलो होतो. नाही लिहिलं. क्रॉल स्पेसच्या रकान्यात माझं नेहमीचं वाक्य आहे, सॉफ्टवेअरमध्ये साठवलेलं, एका क्लिकवर येतं: “पाहणीत कोणताही दोष आढळला नाही.” डक्टचा फोटोसुद्धा आहे, पण त्याच्याखाली अवाक्षर नाही. हँडबुकात सरळ आहे की सगळी जागा दिसत नसेल तर बँकेला कळवा आणि पुन्हा या, किंवा जाणकाराने तपासावं अशी अट घाला. मी दाराच्या अरुंदपणाची सवलत घेतली आणि डक्टचं सोडून दिलं. म्हणजे मी पहिल्या पोस्टमध्ये “नियमाने चुकलो नव्हतो” लिहिलं, ते खोटंच निघालं. त्या बाईंना मी डोकं घातल्याचं सांगितलं, डक्टचं नाही सांगितलं.

ते वाक्य काल रात्री सॉफ्टवेअरमधून पुसून टाकलं. आता दर वेळी हाताने लिहिणार: इथून इथवर दिसलं, याच्यापुढे अमुक आड आलं. स्क्रूड्रायव्हर परत टूलबॉक्समध्ये गेला आहे, मिशिगनच्या ताई. विम्यावाल्यांना फोन करायचा राहिलाय, आणि तो करायला हात धजत नाहीये. अ‍ॅटिकमधल्या डागाची अट मात्र मागे घेणार नाही, एजंटने कितीही झाडलं तरी.

उद्या साडेआठला पुन्हा एक क्रॉल स्पेस आहे, घरापासून साठ मैल. मालकीणबाईंनी कळवलंय की झाकणावर डीप फ्रीझर आहे, भरलेला, आणि मुलगा रविवारीच येतो. आज बुधवार. तसंच त्यांना सांगितलं, फ्रीझर हलवून ठेवा नाहीतर मला परत यावं लागेल. त्यांनी विचारलं, “आधीच्याने नव्हता हलवायला लावला, तुम्हाला कशाला हवंय?”