‘तास’ हा शब्द आला कोठून?

प्रश्न
हिंदीत ज्याला ‘घंटा’ म्हणतात आणि गुजरातीत ‘कलाक’, त्याला आपण ‘तास’ म्हणतो. चौथीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने काल असा तर्क मांडला की, दिवस तासून काढलेले तुकडे म्हणजे तास. माझ्या वडिलांना मात्र हा शब्द ऐकला की नांगराच्या तासाची, म्हणजे नांगरताना जमिनीत पडणाऱ्या चराची, आठवण होते. हे सारे शब्द मूळचे एकच आहेत का?

प्रतिसाद १
तर्क सुरेख आहे, पण ‘तासणे’ हे संस्कृत ‘तक्ष्’ या धातूवरून आले आहे, आणि कालवाचक ‘तास’ फारसीतून. नांगराच्या तासाचाही घड्याळाशी संबंध नाही. अरबी-फारसीत ‘तास’ म्हणजे धातूचे भांडे, वाडगा. आपल्या मिरवणुकांतला वाडग्याच्या आकाराचा ताशा याच कुळातला.

भांड्याचा काळाशी संबंध जुळला तो पाणघड्याळामुळे. बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली की ती हळूहळू भरत जाऊन ठरावीक वेळाने बुडते. आपले घटिकापात्र ते हेच. ते एकदा बुडण्याचा काळ म्हणजे एक घटका, म्हणजेच 24 मिनिटे, आणि अशा 60 घटकांची एक अहोरात्र. म्हणून आजचा तास अडीच घटकांचा भरतो. ‘घटका’सुद्धा ‘घट’ या शब्दावरूनच आलेली आहे, म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी भांडेच आहे.

वाटी बुडाली की जवळ टांगलेल्या जाड थाळीवर टोले देत. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील अशा, दोन बोटे जाडीच्या पितळी थाळीचे वर्णन केले आहे. मराठीत त्या थाळीलाही ‘तास’ म्हणत, आणि पुढे टोल्यांनी मोजल्या जाणाऱ्या अवधीला तेच नाव मिळाले. ‘घटका गेली, पळे गेली, तास वाजे ठणाणा’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात ठणाणा वाजणारा तास म्हणजे ती थाळीच होय.

प्रतिसाद २
गोव्याची एक भर घालते. कोकणीत तासाला ‘वर’ असाही शब्द आहे. ‘कितलीं वरां जालीं?’ असे आम्ही विचारतो. हा शब्द पोर्तुगीज ‘होरा’वरून आला आणि त्याचे मूळ ग्रीक आहे. ज्योतिषातील ‘होरा’, म्हणजे अहोरात्रीचा चोविसावा भाग, हाही त्याच ग्रीक शब्दावरून, पण कितीतरी शतके आधी संस्कृतात आला होता.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आज सकाळी मुलीने विचारले, ‘‘बाबा, किती वाजले?’’ आमच्या भिंतीवरचे घड्याळ टोले देत नाही, तरी ‘वाजले’ हे क्रियापद त्या थाळीचेच आहे, हे मी तिला तेथेच सांगितले. हिंदीतील ‘घंटा’ही असाच वाजणाऱ्या वस्तूवरून आला असणार, हे मग तिने स्वतःच ओळखले.