मुंबई पायी पाहताना घडीचे कपडे: शहराचा मान की उगीच मिरवणे?

रुईफूल (धागाकर्ती)

मी मूळची नाशिकची असून नोकरीनिमित्त चार वर्षांपासून ठाण्यात राहते. महिन्यातला एक रविवार मी मुंबई पायी पाहण्यासाठी राखून ठेवते. सकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे, फोर्टातून रमतगमत काळा घोड्यापर्यंत यायचे आणि ओव्हल मैदान ओलांडून मरीन ड्राइव्हला समुद्र गाठायचा, असा साधारण क्रम असतो. त्या दिवशी मी मुद्दाम ठेवणीतली सुती साडी नेसते. बहुधा आईची एखादी इरकल, खणाचा ब्लाउज आणि पायांत कोल्हापुरी. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच एका गटाबरोबर गेले, तेव्हा गटप्रमुखांनी सर्वांसमोर विचारले, "ताई, इथून पुढे कुणाच्या लग्नाला जायचे आहे का?" सगळे हसले, मीही हसले, परंतु परतीच्या गाडीत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हा धागा.

माझे म्हणणे असे आहे की शहर पाहायला जाणे म्हणजे कुणाकडे तरी जाणे आहे, आणि कुणाकडे जाताना आपण घरातल्या कपड्यांवर जात नाही. टर्मिनसची इमारत १८८८ साली पूर्ण झाली, तेव्हा तिच्या दगडावर मोर, माकडे, पानेफुले कोरण्याची गाड्या सुटण्यासाठी काहीच गरज नव्हती. राजाबाई टॉवर १८७८ साली उभा राहिला. ८५ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे २४ पुतळे आपापल्या वेशात उभे आहेत. खालून ते नीट दिसतसुद्धा नाहीत, तरी कुणीतरी त्यांच्या पागोट्यांचा आणि अंगरख्यांचा विचार केला. ज्या शहराने स्वतःच्या पेहरावावर इतकी मेहनत घेतली, त्याच्यासमोर कंपनीच्या स्पर्धेत फुकट मिळालेला टी-शर्ट घालून उभे राहणे मला अवघड वाटते.

दुसरी गोष्ट चालीची. साडीत माणूस सावकाश चालतो, आणि सावकाश चालणाऱ्याची मान वर जाते. मी ट्रॅक पँट घालून हाच रस्ता एकदा चालले होते. तेव्हा किती पावले झाली हे मला नेमके सांगता आले, पण ओव्हलच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींच्या गॅलऱ्यांचे कठडे प्रत्येकी वेगळे आहेत हे दिसले नाही. ते साडीतल्या फेरीत दिसले.

आपले मत काय? विरोधी मते अवश्य यावीत.


पेव्हरब्लॉक

विरोधी मत मागितलेच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्या धाग्यातली मुंबई डिसेंबरातली, रविवार सकाळची, फोर्टातली आहे. ती मुंबईचा फार छोटा आणि फार नशीबवान तुकडा आहे.

मी गेली वीसहून अधिक वर्षे या शहरात चालतो आहे. माझे टोपणनाव ज्या वस्तूवरून घेतले आहे, तिने माझा घोटा दोनदा मुरगळला. इथला पदपथ सलग दहा मीटर सपाट राहत नाही. त्यावर सपाट, गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून बारा किलोमीटर चालण्याचा सल्ला मी माझ्या बहिणीला देणार नाही. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते आणि ती चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. उत्तम वस्तू आहे, परंतु पाण्यात ती फुगते, सैल पडते आणि वाळल्यावर आकसते. ज्या शहरात चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे ती वर्षाचा एक तृतीयांश काळ कपाटातच असली पाहिजे.

सुती कापडाचे कौतुकही थोडे तपासून घ्यावे. पुण्यात किंवा नाशकात सुती कापड घाम टिपते आणि कोरड्या हवेत लगेच वाळते. मुंबईच्या दमट हवेत ते टिपते आणि ओलेच राहते. असे भिजलेले कापड अंगावर घेऊन भुयारी मेट्रोच्या वातानुकूलित डब्यात शिरले की काय होते, हे आरे ते कफ परेड हा मार्ग सुरू झाल्यापासून मी अनेकांच्या शिंकांवरून ओळखू लागलो आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या संध्याकाळी मी अंधेरीहून बोरिवलीला चालत गेलो. अंगावर कार्यालयातली परीटघडीची पँट आणि चामड्याचे बूट होते. बूट गोरेगावात काढून हातात घेतले, मालाडला सोडून दिले. तेव्हापासून मी कपड्यांकडून एकच अपेक्षा ठेवतो, की दिवसभर त्यांची आठवण येऊ नये.

एक टोचणारा मुद्दाही लिहूनच टाकतो. फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सवात जाऊन पाहा. हातमागाची साडी, ठसठशीत नथ, ऑक्सिडाइज्ड दागिने, कापडी झोळी, असा प्रत्येकीचा वेश 'खास स्वतःचा' असतो आणि शेजारणीच्या वेशासारखाच असतो. आपण ज्याला व्यक्तिगत शैली म्हणता तो गणवेशच आहे, फक्त शिंपी वेगवेगळे आहेत.


दुपारची_लोकल

मी साडीप्रेमी आहे, तरी या विषयात पेव्हरब्लॉक यांच्या बाजूने आहे, आणि माझे कारण अगदी साधे आहे. धाग्यात कुणीही स्वच्छतागृहाचा उल्लेख केलेला नाही.

बाईमाणूस सकाळी सातला बाहेर पडून दुपारी दोनपर्यंत शहरात फिरते, तेव्हा निदान दोनदा तिला सार्वजनिक स्वच्छतागृहात जावे लागते. तिथली फरशी ओली असते, पिशवी अडकवायला खुंटी नसते, कडी कधी असते तर कधी नसते. अशा जागी एका हाताने निऱ्या, दुसऱ्या हाताने पदर आणि दातांत पिशवी धरण्याचा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांना वेगळे सांगायला नको. जंपसूटवाल्या मुलींचे हाल तर साडीवाल्यांहून वाईट. म्हणून माझा वेश ठरलेला आहे: गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, घोट्याच्या वर संपणारी पँट, ओढणी अजिबात नाही, आणि कुर्त्याला दोन्ही बाजूंना खोल खिसे. तयार कुर्त्यांना खिसे क्वचितच असतात, म्हणून मी ते शिंप्याकडून लावून घेते. शिंपी प्रत्येक वेळी विचारतो, "खिसा कशाला, पर्स नाही का?" रुईफूल, आपला मुद्दा सौंदर्याच्या दृष्टीने मला पटतो, पण या व्यवहाराचे काय?


गिरणगावचा_म्हातारा

माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, होते. आठवड्याचे सहा दिवस त्यांच्या केसांत, भुवयांत, बनियनमध्ये कापसाची तुसे असायची. रविवारी आम्हा भावंडांना ते भायखळ्याला राणीच्या बागेत नेत. त्या दिवशी त्यांचा पांढरा शर्ट आणि करडी पँट आदल्या रात्री गादीखाली घडी करून ठेवलेली असे, कारण चाळीत इस्त्री एकच होती आणि तिच्यासाठी रांग असायची. आई लग्नातली साडी काढायची. बाग १८६२ ची, तिथला हत्ती आणि शेजारचे वस्तुसंग्रहालय आम्ही पन्नास वेळा पाहिले असेल. तरी प्रत्येक वेळी कपडे घडीचेच. १९८२ चा संप लांबला तेव्हा बागेत जाणे थांबले, आणि मला वाटते, त्या शर्टाची घडी न मोडणे हेच वडिलांना अधिक लागले.

हे सांगण्याचे कारण असे की साधे, सुरकुतलेले, विरलेले कपडे घालून शहरात निर्धास्त हिंडणे ही ऐपतीची गोष्ट आहे. विरलेली अर्धी पँट आणि गळ्यात कॅमेरा असलेला तरुण फोर्टात उभा राहिला तर रखवालदार त्याला पर्यटक समजतो. त्याच पँटीत माझे वडील उभे असते तर त्यांना हटकले गेले असते, आणि आजही एखाद्या बिगाऱ्याला हटकले जाते. आपले कपडे विसरण्याची सोय सगळ्यांना मिळालेली नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे संबोधित करून सांगितले की जात ओळखू यावी अशी लुगडे नेसण्याची जुनी चाल आणि अंगावरचे जड दागिने सोडून द्या, स्वच्छ राहा. तिथल्या कित्येक जणींनी लगेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. त्या बायांना कुणी 'मिरवता का?' असे विचारलेच असेल. सार्वजनिक रस्त्यावर नीटनेटके उभे राहणे हा ज्यांच्यासाठी हक्काचा प्रश्न होता, त्यांच्या घरात ठेवणीतल्या कपड्यांकडे हसून पाहिले जात नाही. म्हणून माझे मत रुईफूल यांच्या बाजूने.


पेव्हरब्लॉक

आजोबा, आपल्या वडिलांच्या शर्टाबद्दल मी एक शब्दही विरोधात लिहिणार नाही, आणि हटकण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता हे मान्य करतो. तरीही राणीच्या बागेत जाऊन हिरवळीवर बसणे आणि एका दिवसात ससून डॉकपासून बाणगंगेपर्यंत चालणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली भेट आहे, दुसरी मेहनत आहे. आपल्या वडिलांनी गिरणीत साच्यावर घडीचा शर्ट घातला नसता. मी चालायला जातो तेव्हा मी कामावर असतो, एवढेच माझे म्हणणे.


बोरिवलीची_सून

साडीवर स्पोर्ट्स शूज घालावेत आणि दोन्ही पक्षांनी चहा घ्यावा. मी तीन वर्षे हेच करत आहे.


रुईफूल

बोरिवलीची सून, आपली सूचना मी करून पाहिली आहे. आरशात पाहिल्यावर साडीने आणि बुटांनी एकमेकांशी अबोला धरला आहे असे वाटले. तरुण मुलींना ते शोभते; मला शोभत नाही.


कोळीवाड्यातली

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. 'साडीत सावकाश चालावे लागते', 'साडी कष्टाच्या कामाची नाही' ही दोन्ही मते फक्त गोल साडीबद्दल खरी आहेत. माझी आजी नऊवारी लुगडे काष्टा घालून, गुडघ्यापर्यंत खोचून नेसायची आणि पहाटे ससून डॉकवर लिलावाला जायची. हा धक्का १८७५ चा, बर्फ आणि मासळीच्या पाण्याने कायम ओला. त्यावर ती डोक्यावर पाटी घेऊन अक्षरशः पळायची आणि तिथून पुढे लोकलच्या मालडब्यात चढायची. पैसे कमरेच्या केळात (खोचलेल्या घडीत), चुना-तंबाखूची पिशवी तिथेच, दोन्ही हात मोकळे. पेव्हरब्लॉक यांना जे हवे आहे ते सगळे त्या लुगड्यात होते. शिवाय रंग असा भडक की धक्क्यावर धुक्यातही माणूस ओळखू यावा. रविवारी जत्रेला जाताना तेच नेसणे, फक्त नवे आणि अंगावर सोने. कामाचा वेश आणि मानाचा वेश असे दोन कप्पे तिच्या पेटीत नव्हतेच.

त्यामुळे सोय आणि शोभा यांतले भांडण मला कपड्यांचे वाटत नाही. आपण नेसण्याची एक कार्यालयीन, पांढरपेशी पद्धत उचलली आणि तिच्या अडचणी साडीच्या नावावर मांडल्या.

जाता जाता एक विनंती. पहाटेच्या फेऱ्यांना येणारे पुष्कळ जण धक्क्यावरच्या बायांचे फोटो न विचारता काढतात. तुम्ही काय घालून आलात याच्याशी आमच्या बायांना देणेघेणे नाही. विचारून काढा, आणि लिलाव चालू असताना वाट अडवू नका.


लिननचा_सदरा

कोळीवाड्यातली यांचा प्रतिसाद वाचून माझा लिहून ठेवलेला मोठा प्रतिसाद पुसून टाकला. एवढेच नोंदवतो की या चर्चेत पुरुषांच्या कपड्यांवर कुणी तीन ओळीही लिहिल्या नाहीत. आम्ही वर्षभर एकाच निळ्या जीन्समध्ये शहर पाहतो, आणि दमट हवेसाठी त्याहून वाईट कापड शोधून सापडणार नाही. तरी आम्हाला लग्नाचा प्रश्न कुणी विचारत नाही.


रुईफूल

सर्वांचे मनापासून आभार. काही मुद्दे मान्य करते, काही करत नाही.

पावसाळ्याबद्दल पेव्हरब्लॉक यांचे बरोबर आहे. जून ते सप्टेंबर माझ्या पायांत रबरी चप्पलच असते, हे मी आधी लिहायला हवे होते. गणवेशाचा टोमणा लागला, पण त्याचे उत्तर आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमधल्या प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा आपण सगळे खवळलो आणि कंपनीला उगम मान्य करावा लागला. त्या संतापाच्या आठवड्यात मी माझ्या कार्यालयात पाहिले, तर एकाच्याही पायात कोल्हापुरी नव्हती. वर्षातून नऊ दिवस काळा घोड्याला का होईना, हजार जणी ती घालत असतील तर अशा गणवेशाला माझी हरकत नाही.

नऊवारीचा मुद्दा मात्र मला माझ्याच साडीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावणारा आहे. माझ्या पणजीचा काष्टा असलेला एक फोटो घरात आहे. आजीने गोल साडी नेसायला सुरुवात का केली, हे मी कधी विचारले नाही. काष्टा नेसायला शिकवू शकेल असे आमच्या घरात आता कुणी उरले नाही, तेव्हा कोळीवाड्यातली यांनी वेळ दिला तर मी त्यांच्या कोळीवाड्यात येईन.

दुपारची लोकल यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. खरे सांगायचे तर अशा रविवारी मी सकाळपासून पाणी कमी पिते, आणि हे लिहिताना मलाच ते बरे वाटत नाही.


दुपारची_लोकल

पाणी कमी पिणे बंद करा. मार्ग आखतानाच दर दोन तासांनी तिकीट काढून आत जाता येईल अशी एक जागा त्यात धरा. फोर्टात वस्तुसंग्रहालय आहे, भायखळ्याला राणीची बाग आहे, आणि बाग बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवा. पिशवीत एस आकाराचा लोखंडी आकडा ठेवा, तो दाराच्या वरच्या कडेला अडकतो आणि पिशवी दातांत धरावी लागत नाही. माझ्याकडे दोन आहेत, पुढच्या फेरीला आपल्यासाठी एक आणते.