रेडिओवर गाणं "लागतं" का "होतं"?

परभणीकर : आमचे आजोबा सेलूकडचे, ते कधीच "रेडिओवर गाणं लागलं" म्हणायचे नाहीत. "आज गाणं आहे", आणि दुसऱ्या दिवशी पारावर "काल गाणं झालं, ऐकलं का?" जसं काय देवळात कीर्तनच झालं. आम्ही हसायचो. मग हे "लागणं" आलं कुठून?

लातूरची : दादा, ते तबकडीचं. सुई ठेवून रेकॉर्ड लावायची म्हणून गाणं लागतं, अन् तीन-सव्वातीन मिनिटांत एक बाजू खलास. पण मुंबई केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं तेव्हा टेप कुठली हो, गवयालाच मायकासमोर बसवायचे, आलापीत खोकला आला तर तो पण घरोघर जायचा आणि घड्याळाकडं बघत बघत द्रुत, म्हणजे शेवटची जलद लय, गाठायची. ते "होणं"च झालं ना! आजोबा बरोबर होते.

नांदेडकर : पण ताई "सूर लागला", "आज आवाज लागेना" हे तर तबकडीच्या कितीतरी आधीचं.

लातूरची : तिथं सूर लागतो की. बुवांचं गाणं "लागलं" कोण म्हणतं? रंगलं म्हणतात नाहीतर पडलं.

नांदेडकर : बरं. जाता जाता, उर्दूत वायरलेसला लासिलकी म्हणतात, ला म्हणजे विना अन् सिल्क म्हणजे तार, म्हणजे आपलं बिनतारीच. निजामाचं हैदराबाद केंद्र 1935 चं, औरंगाबादलाही होतं, ते 1950 ला ऑल इंडिया रेडिओत गेलं. आणि ऑल इंडिया रेडिओवर 1940 ते 1971 पेटीला बंदी होती, बिचारे गाणारे सारंगीवर भागवायचे. (मला तर पेटीशिवायचं गाणंच आवडतं, पण ते जाऊ द्या.)

बीडकर : तबकडीचं पटत नाही मला. मॅच तर लाइव्हच असते, तरी आपण "मॅच लागली का" विचारतोच की. तिथं कुठली तबकडी?

परभणीकर : हे भारी पकडलं. आत्ताच आईला विचारलं. ती म्हणायली, आजोबा कानाला सेट लावून बटन फिरवायचे, खरखर खरखर, मधेच कुणीतरी बोललेलं ऐकू यायचं, मग ओरडायचे, "हैदराबाद लागलं! गप बसा रे, गाणं व्हायचंय अजून." म्हणजे लागायचं ते स्टेशन.